कुरतडलेलं बेलपान

काशीत जो जीव देह ठेवतो, तो मुक्त होतो. राजा असो, भिकारी असो, हत्ती असो की पाकोळी. शेवटच्या घटकेला स्वतः विश्वेश्वर त्याच्या उजव्या कानात तारकमंत्र सांगतो आणि चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा तिथल्या तिथे तुटतो.

वासुदेवशास्त्र्यांनी हे वाक्य उच्चारलं तेव्हा सभागृहातला पंखासुद्धा थांबला. वीज गेली होती. सभेपुढचा विषय असा होता की, ट्रस्टच्या बागेसाठी सोळा लिटरचा, बॅटरीवर चालणारा फवारणी पंप घ्यावा, की जुन्या हातपंपावर आणखी एक वर्ष भागवावं.

"आता बघा," शास्त्रीबुवा म्हणाले, "औषध मारलं की किडे मरतात, हे मान्य. पण मरतात कुठे? काशीत. म्हणजे पापाचा प्रश्नच येत नाही. उलट..." उलट काय, ते त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. एकूण पंप घेणं हा किड्यांवर उपकार होता, आणि बॅटरीचा पंप घेणं हा जास्त उपकार.

"सुरवंटाला उजवा कान नसतो," मागच्या खुर्चीवरून इरावतीबाई म्हणाल्या. "डावाही नसतो."

ठराव अकरा विरुद्ध एक मतानं मंजूर झाला. विरुद्ध मत कोणाचं, हे इतिवृत्तात लिहायची गरज कोणाला वाटली नाही. गेली तीन वर्षं ते एकाच व्यक्तीचं असे.

इरावतीबाई एक्काहत्तर वर्षांच्या. मंगला गौरीजवळच्या गल्लीत जन्मल्या, तिथेच वाढल्या आणि शहरातल्याच एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या. बारा विश्वस्तांत एक तरी बाई असावी असं ट्रस्टच्या घटनेत होतं म्हणून त्या विश्वस्त होत्या. त्या बाईनं बोलावं असं घटनेत कुठेही नव्हतं, ही गोष्ट इतर अकराजण त्यांना अधूनमधून गोडीत सुचवत.

ट्रस्टच्या मालकीची मुख्य वस्तू म्हणजे पत्रीबाग. भोसले घाटावरून वर चढून आलं, दोन गल्ल्या ओलांडल्या, की एका उंच भिंतीआड ही बाग. कोणा नागपूरकर सरदारानं ती इथल्या मराठी घरांना दिली म्हणतात. सरदाराचं नाव एका दगडावर कोरलेलं होतं. तो दगड हल्ली कपडे धुवायला आहे. बागेचं काम एकच, पूजेला पत्री पुरवायची. बेलाची अकरा झाडं, कण्हेर, तुळस, आघाडा, लिंबू, भिंतीला लागून रुईचं रान, आणि कोणा सुगरणीनं आग्रहानं घुसवलेला कढीपत्ता. मधोमध छोटंसं महादेवाचं देऊळ.

आता गंमत अशी, की देवाला जी पानं लागतात तीच नेमकी सुरवंटांना लागतात. बेलावर आणि लिंबावर काळ्या-पिवळ्या फुलपाखराची अळी. रुईवर नारिंगी फुलपाखराची. कण्हेरीवर काळ्याची, आणि त्याचा कोष असा चंदेरी, की सोनारानं घडवून विसरून गेल्यासारखा पानाखाली लटकतो. प्रत्येकाचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या पानाला उपाशी मेलं तरी तोंड लावणार नाहीत. सोवळं पाळावं तर असं, असं इरावतीबाई वर्गात सांगत, आणि मुलं वहीत लिहून घेत.

१९८९ सालापासून दर रविवारी सकाळी दोन तास त्या बागेत बसून फुलपाखरं टिपत. १९९६ साली वहीत बेचाळीस जाती भरल्या. "डॉक्टर जीभ बघतो," त्या सांगत, "तशी मी फुलपाखरं बघते. बेचाळीस आहेत म्हणजे बेचाळीस तऱ्हांची झाडं-गवतं धड आहेत, माती धड आहे, पाणी धड आहे, मधमाश्या धड आहेत. एक जात गेली की समजायचं, आत कुठेतरी दुखायला लागलंय. झाड बोलत नाही. फुलपाखरू यायचं बंद होतं, तेवढंच ते बोलतं."

तीन वर्षांपूर्वीपर्यंत देव आणि अळ्या यांच्यात भांडण नव्हतं. शंकराला वाहायचं बेलपान त्रिदळ हवं आणि अखंड हवं, भोक पडलेलं चालत नाही, हा नियम जुनाच. पण रोज लागत एकशे आठ पानं. भोकाचं पान बाजूला पडे, अखंड वर चढे, अकरा झाडांत दोघांचं भागे.

मग लक्षबिल्वार्चन सुरू झालं. मराठी श्रावणात, म्हणजे गावातल्या लोकांचा श्रावण अर्धा उलटल्यावर जो आपला सुरू होतो त्यात, एका सोमवारी महादेवाला एक लाख बेलपानं. पुण्याचे आणि परदेशातले देणगीदार ते मोबाइलवर थेट बघत. मोबाइलवर पान फार जवळून दिसतं. पहिल्याच वर्षी न्यू जर्सीहून एका बाईंचा निरोप आला की आमच्या नावानं वाहिलेल्या चौथ्या पानाला भोक होतं. ट्रस्ट हादरला. दुसऱ्या आठवड्यात औषध आलं.

त्यानंतर वहीतल्या ओळी कशा गेल्या ते इरावतीबाईंना तोंडपाठ होतं. पहिल्या पावसाळ्यात बेचाळिसातल्या ज्या तीस-एकतीस उरल्या होत्या त्यांच्या एकोणीस झाल्या. पुढच्या साली अकरा. कण्हेरीवरचा शेवटचा चंदेरी कोष त्यांनी मागच्या सप्टेंबरात पाहिला. तो उघडलाच नाही, काळा पडून गळून गेला. बेलाला फळं धरेनात, कारण फुलांवर यायला माश्याच नव्हत्या. दरवर्षी ट्रस्टतर्फे बेलाचा मुरंबा वाटला जाई, यंदा अकरा झाडांना मिळून सात फळं लागली. लोकांच्या आचरणात खोट आली आहे, असा निष्कर्ष वासुदेवशास्त्र्यांनी काढला आणि प्रवचनात सांगितला. इरावतीबाईंनी तो ऐकला आणि घरी येऊन स्वतःच्या हातानं स्टीलचा डबा इतक्या जोरात आपटला की झाकण आजही बसत नाही.

यंदा, जुलैच्या शेवटच्या रविवारी, दोन तासांत त्यांना तीन जाती दिसल्या. त्यातली एक भिंतीवरून आली आणि भिंतीवरून गेली, बसलीसुद्धा नाही. तरी त्यांनी ती मोजणीत धरली.

आणि त्याच आठवड्यात शार्दूल फॉर्म घेऊन आला.

शार्दूल ट्रस्टचा चिटणीस, वय पस्तीस, बँकेत नोकरी. त्याच्या आईला इरावतीबाईंनी शिकवलं होतं म्हणून तो त्यांना मावशी म्हणे.

"मावशी, एकदम बढिया खबर आहे. आपल्या बगीच्याला जैवविविधता उद्यानाचा दर्जा मिळतोय. सरकारी. बोर्ड लागणार, अनुदान मिळणार, आणि आपण फुलपाखरू वाटिका बनवणार!"

"कशाची?"

"फुलपाखरू वाटिका. बघा ना डिझाइन." त्यानं मोबाइल पुढे केला. रुईचं रान होतं तिथे फरशी घातलेली होती आणि फरशीवर माणसाएवढं फायबरचं फुलपाखरू उभं होतं. त्याच्या दोन पंखांच्या मधे उभं राहून फोटो काढायची सोय होती.

इरावतीबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "याला आठ पाय आहेत."

"हो?"

"कोळ्याला असतात आठ. आणि रुई कुठे गेली?"

"ते जंगली आहे ना मावशी, हटवणार. लोक घाबरतात, चीक डोळ्यात जातो." तो जवळ सरकला. "तुमचं बस एक सिग्नेचर पाहिजे. तज्ज्ञाचं. इथे बघा, 'उद्यानात आढळणाऱ्या फुलपाखरांच्या जातींची संख्या'. बेचाळीस लिहा आणि साइन करा. खतम."

"बेचाळीस नाहीत."

"वहीत आहेत ना तुमच्या?"

"वहीत होत्या. शहाण्णव साली."

"मग झालं ना. रेकॉर्डवर आहेत."

"माझे आजोबाही रेकॉर्डवर आहेत," इरावतीबाई म्हणाल्या. "रविवारी जेवायला बोलावतोस का त्यांना?"

शार्दूल हसला. मावशी अशाच, हे घरोघर ठाऊक होतं. "टेन्शन मत लो मावशी. कोण मोजायला येतंय?"

"मी येते. दर रविवारी." त्यांचा आवाज चढला. "तीन आहेत शार्दूल. तीन! तीन वर्षांच्या आत एक बाग मारलीत तुम्ही, आणि आता तिच्या तेराव्याला मी तब्येत उत्तम असल्याचा दाखला लिहून द्यायचा? पंप बंद करा. आज बंद करा. दोन पावसाळे मला द्या, मग मी तुझ्या फॉर्मवर खरा आकडा लिहीन, आणि तो चांगला असेल. नाहीतर सही नाही."

"पंप माझ्या हातात नाही ना. शास्त्रीजींच्या हातात आहे."

"मग फॉर्म ठेव इथे आणि जा."

तो गेला. इरावतीबाई तडक वासुदेवशास्त्र्यांकडे गेल्या. दोघं एकाच गल्लीत वाढलेली. ते त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, म्हणून त्या दादा म्हणत. शास्त्रीबुवा दुपारच्या जेवणानंतर दारातल्या खाटेवर पानाला चुना लावत बसले होते.

"दादा, फवारणी थांबवा."

"ये, बस. इरावती, शास्त्र माझं नाही. सच्छिद्र पत्र वर्ज्य आहे."

"जो अंगाला राख फासतो, गळ्यात साप घालून बसतो, त्याला भोक पडलेलं पान चालत नाही?"

"त्याला चालेल. आपल्याला चालत नाही." शास्त्रीबुवांनी पान तोंडात टाकलं. "तो हलाहल प्यायला. तू पिशील?"

"मी नाही. पण त्याला पुन्हा पाजताय तुम्ही. पानावर औषध, पान पिंडीवर, वरून अभिषेक, आणि खाली जे पाणी गळतं त्याचं तीर्थ. दोनशे माणसं ओंजळ पुढे करतात दादा, त्यात पोरंबाळं असतात."

"गंगाजळ आहे त्यात. गंगाजळात काही टिकत नाही."

इरावतीबाई यावर जे म्हणाल्या ते त्या भर दुपारी गल्लीतल्या तीन घरांना ऐकू गेलं. छापण्यासारखं त्यात एवढंच होतं, की गंगेचा विचार तुम्ही मला शिकवू नका, मी तिचं पाणी काचेखाली पाहिलेलं आहे. शास्त्रीबुवांनी शांतपणे पान चावलं. तुला रक्तदाब आहे, उन्हात फिरत जाऊ नकोस, असं ते मनापासून म्हणाले. या माणसावर धड रागावतासुद्धा येत नाही, याचा इरावतीबाईंना आणखी राग आला.

शनिवारी त्या बागेत गेल्या. काशीनाथ माळी नवा पंप पाठीला लावून बेलांवरून फिरत होता. बाग पिढ्यान्‌पिढ्या मराठी लोकांची, त्यामुळे काशीनाथ मराठी बोले; फक्त निम्मे शब्द वाटेत बदलून येत.

"बहनजी, आम्ही काय करणार? पाऊस पडते, दवाई धुते. शास्त्रीजी बोलले, फिर से मार. तर मारतो. आज तिसऱ्या बार मारली."

"परवा पूजा आहे, काशीनाथ."

"होय ना. उद्या तोडणार, परवा चढणार."

"त्या कोपऱ्यातल्या झाडावर मारलंस?"

काशीनाथनं नळी खाली केली आणि इकडेतिकडे पाहिलं. कोपऱ्यातलं बेलाचं झाड विहिरीला चिकटून होतं. त्याची पानं जागोजाग कुरतडलेली होती, काही तर नुसत्या शिरा उरल्या होत्या. "नाही मारली," तो हळूच म्हणाला. "हे पाणी आमची बायको पिते. विहिरीचं."

इरावतीबाई त्या झाडापाशी गेल्या. एका पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काहीतरी काळं-पांढरं होतं. त्यांनी काडीनं हलकेच डिवचलं. शिटेनं डोक्यातून दोन नारिंगी शिंगं बाहेर काढली आणि आंबूस वास सोडला.

"रागावलाय," काशीनाथ म्हणाला.

"बरोबर आहे त्याचं," इरावतीबाई म्हणाल्या.

दहा झाडं हिरवीगार, तेलकट चकाकती, एकाही पानाला भोक नाही. हे एक भिकाऱ्यासारखं, चिंध्या झालेलं. बागेत आलेल्या कोणालाही विचारलं असतं की यातलं निरोगी झाड कोणतं, तर शंभरातल्या शंभरांनी चुकीकडे बोट दाखवलं असतं. इतकी वर्षं आपण शिकवलं काय, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यांनी तो काशीनाथला विचारला नाही. त्याऐवजी औषधाची बाटली मागितली.

"रिकामी आहे, बहनजी."

"तीच दे. मला वाचायची आहे."

सोमवारी पत्रीबाग फुलून गेली. फुलांनी नव्हे, माणसांनी. गंगा चढलेली होती, घाटांच्या पायऱ्या पाण्यात, त्यामुळे एरवी खाली जाणारी गर्दीही वर आलेली. मांडव, लाउडस्पीकर, तीन मोबाइल तिपाईवर. लखनौहून, दर्जा देणाऱ्या खात्याचे साहेब आले होते. त्यांना उंच खुर्ची आणि उपरणं. गाभाऱ्याबाहेर पितळेच्या घंगाळात बेलपानं भिजत होती, दुसऱ्या घंगाळात अभिषेकाचं पाणी उतरत होतं. बारा ब्राह्मण पानं वाहत होते. सकाळपासून चौऱ्याऐंशी हजार झाली होती. बेलाच्या नाजूक वासात आणखी एक वास मिसळलेला होता, आणि तो उदबत्तीचा आहे असं सगळ्यांनी आपापसांत ठरवलं होतं.

शार्दूलनं माइक हातात घेतला. "आणि आता आपल्या बागेच्या फुलपाखरांविषयी दोन शब्द बोलतील आपल्या सर्वांच्या लाडक्या..."

इरावतीबाई उठल्या. त्यांनी पिशवीतून बाटली काढली. साहेबांना वाटलं गंगाजळ असेल, त्यांनी हात जोडले.

"मी भाषण लिहून आणलेलं नाही," इरावतीबाई माइकमध्ये म्हणाल्या. "छापील आहे. हेच वाचते." त्यांनी चष्मा सारखा केला आणि पुराण सांगावं त्या संथ सुरात सुरुवात केली. "विष. लहान मुलांपासून दूर ठेवा. फवारताना तोंडाला कापड बांधा. हातमोजे वापरा. फवारणीनंतर पंधरा दिवस पान अथवा फळ तोडू नये, खाऊ नये, जनावरास घालू नये. मासे व मधमाश्या यांस अत्यंत घातक. पोटात गेल्यास रुग्णास ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे, सोबत ही बाटली न्यावी." त्यांनी बाटली उंच धरली. "म्हणून सोबत आणली आहे. शनिवारी दुपारी हे तिसऱ्यांदा मारलं. आज सोमवार. पंधरा दिवस झाले असं ज्याला वाटत असेल, त्यानं तीर्थाच्या रांगेत पुढे यावं."

रांग होती तिथेच थांबली. एका आईनं पोराची पुढे झालेली ओंजळ मागे ओढली.

"इरावती," गाभाऱ्यातून शास्त्रीबुवांचा आवाज आला. "हे ठिकाण नव्हे."

"हेच ठिकाण आहे!" त्यांचा संथ सूर एका क्षणात फाटला. "इथेच मारताय, इथेच बोलणार! या बागेत बेचाळीस जाती होत्या. त्या देखणेपणासाठी नव्हत्या, दादा. त्या सांगत होत्या. एकेक जाऊन सांगत होती, आता हे बिघडलं, आता ते बिघडलं. आधी अळ्या गेल्या, मग माश्या गेल्या, मग बेलाचं फळ गेलं. पुढचा नंबर कोणाचा? तुम्ही म्हणालात लोकांचं आचरण! किड्यांना मोक्ष दिलात, आता या पोरांना देताय?" त्यांनी तीर्थाच्या घंगाळातली पळी उचलली, भरली आणि गाभाऱ्यातून बाहेर आलेल्या शास्त्रीबुवांपुढे धरली. "ज्यात काही टिकत नाही ते पाणी. आधी तुम्ही घ्या."

तीनही मोबाइल या दोघांकडे वळले. तिकडे न्यू जर्सीत कोणीतरी खुर्ची पुढे ओढली असावी.

इरावतीबाईंचा हिशेब सरळ होता: दादा कचरतील, मान खाली घालतील, आणि विषय संपेल. त्यांचा एक अंदाज चुकला. वासुदेवशास्त्री सत्त्याहत्तर वर्षांचे होते, हट्टी होते, आणि दुर्दैवानं प्रामाणिक होते. आपण बोललो ते खरं आहे यावर त्यांचा संपूर्ण विश्वास होता. त्यांनी उजव्या हाताची गोकर्णमुद्रा केली, पळीतलं पाणी तळव्यात घेतलं, डोळे मिटले, "अकालमृत्युहरणं" म्हटलं आणि हात ओठांकडे नेला.

इरावतीबाईंनी त्यांच्या हातावर फटका मारला.

फटका असा, की माइकनं तो सगळ्या मांडवाला ऐकवला. पाणी शास्त्रीबुवांच्या दाढीवर, सोवळ्यावर, साहेबांच्या उपरण्यावर उडालं.

"मूर्ख आहात का?" त्या ओरडल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याचाही त्यांना राग आला. "प्यायला निघालात! थुंका! तोंड धुवा आधी! काशीनाथ, विहिरीचं पाणी आण!"

शास्त्रीबुवा आपल्या ओल्या तळव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी तो तळवा नाकाजवळ नेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तीर्थाचा वास घेतला असेल.

"पानं काढा," ते म्हणाले. "पिंडीवरची सगळी. तीर्थ ओता... नाही, झाडाला नको. गटारात ओता. काशीनाथ, तो पंप आजपासून बंद."

"पण शास्त्रीजी, लक्षार्चन?" शार्दूल कुजबुजला. मावशींकडून परत घेतलेला माइक त्याच्या हातात चालूच होता. "चौऱ्याऐंशी हजार झाले. सोळा हजार बाकी. परदेशातले लोक बघतायत."

"अक्षता आण."

"अक्षता?"

"जो उपचार उपलब्ध नाही त्याच्या जागी अक्षता वाहाव्यात, असं शास्त्र आहे." शास्त्रीबुवांनी तोंडावरून पाण्याचा हात फिरवला, मांडी घातली आणि मूठभर तांदूळ घेतले. "बिल्वपत्रार्थे अक्षतान् समर्पयामि. मोज, एक लाख धर."

इरावतीबाई जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. वस्त्र नाही, वस्त्रार्थे अक्षता. अलंकार नाहीत, अलंकारार्थे अक्षता. घराघरातल्या गणपतीसमोर हजारदा ऐकलेलं. म्हणजे ही सोय पहिल्यापासून होती. तीन वर्षं. एक मूठ तांदूळ घेतले असते तर रुईवरचं, लिंबावरचं, कण्हेरीवरचं चंदेरी कोषातलं, सगळं जिवंत राहिलं असतं. आणि हे कोणाला सुचलं नाही. त्यांना स्वतःलासुद्धा नाही. एकतीस वर्षं शिकवलेल्या बाईला नाही, सात पिढ्यांच्या शास्त्र्याला नाही. त्यांना इतका संताप आला, की तो कोणावर काढावा हे ठरवायला त्यांना खाली बसावं लागलं.

बसल्या तिथेच त्यांनी पिशवीतून तो फॉर्म काढला. 'जातींची संख्या' या बोटभर रकान्यात त्यांनी लिहिलं: तीन. पण तीनवर हात थांबेना. रकाना संपला तसं त्या समासात गेल्या, समासातून वर, वरून मागच्या पानावर. गेलेल्या एकोणचाळीस जाती एकेक करून लिहिल्या, कोणती कोणत्या झाडावर होती आणि शेवटची कधी दिसली, त्या तारखेसह. शेवटी सही केली, इतकी दाबून की कागद फाटला. फॉर्म त्यांनी साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "आणि मग द्यायचा तर द्या दर्जा."

साहेबांनी ओलं उपरणं झटकलं, फॉर्म आदरानं फाइलीत घातला, आणि मागे चाललेल्या अक्षतांना हात जोडले.

पुढचे दहा दिवस इरावतीबाईंनी वाट पाहिली. रविवारी बागेत बसल्या. पंप खरंच बंद होता. दोन तासांत तीनच जाती दिसल्या. यंदा चौथी येणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. ज्यांचं घर आपण मोडलं ती निरोप पाठवल्याबरोबर परतत नाहीत. त्या लखनौच्या उत्तराची वाट बघत होत्या. दर्जा नाकारला जाईल, कोणीतरी खुलासा मागेल, चौकशी लागेल, ट्रस्ट भांडेल, वर्तमानपत्रात येईल. त्यांनी खुलाशाचा मसुदाही मनात तयार केला होता, नऊ मुद्द्यांचा. नववा मुद्दा वाचून खात्यात कोणी झोपणार नव्हतं.

अकराव्या दिवशी शार्दूल आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "मावशी, अभिनंदन. दर्जा मिळाला."

"मिळाला? तीन लिहून?"

"हो ना. साहेबांचा फोन होता. खूप तारीफ करत होते तुमची."

"त्यांनी वाचलं सगळं? मागचं पान?"

"मागचं पान..." शार्दूल जरा घुटमळला. "मागचं पान स्कॅन नाही होत, मावशी. पुढचंच होतं." त्यानं पिशवीतून एक कोरा फॉर्म काढून त्यांच्यापुढे टेबलावर सरळ करून ठेवला. "आकड्याचं त्यांचं काही म्हणणं नाही. फक्त एक छोटीशी विनंती केलीय. परत एकदा लिहून द्याल का? पण रकान्याच्या आत, आणि निळ्या पेनानं."